काळी चार

"बाई, दमानं या. जिना अंधारा हाय," वरून स्टुडिओतला रफिक म्हणाला.

मी मधल्याच पायरीवर थांबले. ज्या जिन्याची पायरी न् पायरी माझ्या ओळखीची, तिथं मला दमानं यायला सांगणारा हा कोण?

"अंधारा आजच झालाय का रे?" मी विचारलं.

तो नुसता हसला आणि वाट सोडून बाजूला झाला. पण त्याचं ते 'दमानं' माझ्या डोक्यात जाऊन बसलं ते बसलंच.

कोल्हापुरात एका पिठाच्या गिरणीच्या वर केसकरांचा स्टुडिओ होता. गिरणी सुरू असली की जमीन थरथरायची आणि माइकमध्ये घरघर शिरायची, म्हणून रेकॉर्डिंग फक्त सोमवारी, गिरणीच्या सुट्टीला. कितीही झाडलं तरी टेपच्या मशीनवर पिठाचा हात फिरवल्यासारखा थर असायचा. "आपल्याकडे कॅसेट दळून मिळते," असं केसकर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

दामोदर केसकर गाणी लिहायचे, चाली लावायचे, आणि पुढं कुणी दारात उभं करेना तेव्हा स्वतःच कॅसेटी काढायला लागले. 'सुरंगी' हे कंपनीचं नाव त्यांचंच. सिनेमाची गाणी झाली, लग्नातली मंगलाष्टकं झाली, खंडोबाची पदं झाली, आणि मधे मधे, चार पैसे शिल्लक पडले की, त्यांच्या मनातली भावगीतं. ती बहुतेक मी गायले. माझं नाव शरयू कारखानीस. एके काळी कोल्हापूर, सांगली, बेळगावात एवढं नाव सांगितलं की पुरायचं.

केसकरांची पद्धत ठरलेली. पेटी घेऊन माझ्या घरी यायचे, चहा घ्यायचे, आणि स्वतः गाऊन चाल शिकवायचे. आवाज त्यांचा जाडा, थोडा चिरका. वर जायची वेळ आली की मान वाकडी करायचे आणि सुराला हातानं ढकलायचे. चाल पक्की झाली की पेटीचा भाता मिटून विचारायचे, "पट्टी सांगा, बाई."

पेटीच्या ज्या पट्टीवर गाणारा आपला सा धरतो, ती त्याची पट्टी. माझी काळी पाच. इतक्या वर्षांत ती बदलली नव्हती, तरी केसकर दर वेळी विचारायचे. "चाल माझी, पट्टी गाणाऱ्याची" हा त्यांचा नियम. दुसरे संगीतकार गाणाऱ्याला आपल्या पट्टीवर ओढतात, केसकरांनी कधी ओढलं नाही.

मी तोंडाची फटकळ. एकदा सगळे वादक बसलेले असताना मी म्हणाले होते, "केसकर, तुम्ही गायलात की गाणं समजतं. आवडायला मात्र मीच गावं लागतं." सगळे पोट धरून हसले. केसकरही हसले. म्हणाले, "म्हणून तर तुम्हाला चहा पाजतो." ती थट्टा पुढं स्टुडिओतलं ठेवणीतलं वाक्य झाली. नवीन वादक आला की त्याला कुणीतरी ती ऐकवायचंच, बऱ्याचदा केसकर स्वतः.

त्या सोमवारचं गाणं हे 'सुरंगी'चं शेवटचं होतं. चोरून छापलेल्या कॅसेटी निम्म्या भावात रस्त्यावर मिळत होत्या आणि दुकानदार केसकरांची खोकी उघडतही नव्हते. "हे एक करू आणि दुकान बंद," ते मला म्हणाले होते. "हे मात्र मनासारखं करायचं."

माझंही काही बरं चाललं नव्हतं. त्याच हिवाळ्यात शाहूपुरीतल्या एका कार्यक्रमात तारसप्तकातला गंधार माझ्या गळ्यातून निसटला. सूर लागला नाही असं नाही, लागता लागता फाटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच वाजवल्या. त्या टाळ्या मला थोबाडीत मारल्यासारख्या वाटल्या. त्यानंतर मी घरी दारं लावून रियाज करत होते आणि आवाज पुन्हा जागेवर आणला होता. त्या कार्यक्रमाला केसकर तिसऱ्या रांगेत बसले होते. पुढं त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटायचं.

तर मी आत गेले. काचेच्या खोलीत माइकशेजारी खुर्ची ठेवलेली. मी आयुष्यात बसून रेकॉर्डिंग केलं नव्हतं. खुर्चीवर एक थर्मास, त्याच्यावर पालथा पेला.

"हे कुणासाठी?" मी विचारलं.

"असू दे हो," केसकर म्हणाले. "कोमट पाणी आहे. घसा कोरडा पडतो कधी कधी."

त्यांनी त्या दिवशी इस्त्रीचा झब्बा घातला होता. एरवी हा माणूस पायजम्यावर बनियन घालून रेकॉर्डिंगला बसायचा. शेवटचं गाणं, म्हणून असेल, मी मनात म्हटलं. पण खुर्ची आणि थर्मास पाहून माझ्या कपाळावर आठी चढली होती. म्हणजे आता माझी अशी बडदास्त ठेवायची वेळ आली तर.

त्यांनी गाण्याचा कागद माझ्या हातात दिला. धृपद आणि एक अंतरा. आठवड्यापूर्वी घरी शिकवलं तेही एवढंच.

"दुसरा अंतरा?"

"तुमचं एवढंच आहे," ते म्हणाले आणि घाईनं चष्मा पुसायला लागले.

भावगीताला एकच अंतरा? दोन अंतऱ्यांचा दम माझ्या छातीत राहिला नाही असं यांना वाटतं की काय? मी कागद स्टँडवर लावला. हे विचारायला हवं होतं. काचेपलीकडं रफिक मशीनवर बसला होता. वादकांचं सगळं आधीच्या सोमवारी वाजवून टेपवर घेतलेलं होतं, मी फक्त वरून गायचं होतं. ही नवी पद्धत मला कधीच पटली नाही. तबला नाही, बासरी नाही, कानाला दोन वाट्या लावायच्या आणि भिंतीकडे बघून विरहाचं गाणं म्हणायचं.

कानात बासरी सुरू झाली. पहिल्या चार सुरांतच माझ्या पायाखालची जमीन सरकली.

गाणं काळी पाचमध्ये नव्हतं. काळी चार होती. एक अख्खा सूर खाली.

ज्यानं गळ्यावर पोट भरलंय त्याला हे सांगावं लागत नाही. आपल्या घरात शिरावं आणि उंबरा कुणीतरी खाली बसवून ठेवलेला असावा, तसं झालं. मी हात वर केला. बासरी थांबली.

"रफिक, पट्टी कुठली ही?"

रफिकनं केसकरांकडं पाहिलं. केसकर पुढं वाकले आणि त्यांचा आवाज माझ्या कानात आला. "काळी चार आहे, बाई. आधी एकदा गाऊन तर बघा, मग सांगतो."

"मला विचारलं नाहीत."

"नाही विचारलं. चुकलं. पण गा तर आधी."

"का उतरवली?"

काचेतून मला त्यांचा चेहरा दिसत होता. काहीतरी सांगायचंय आणि जीभ वळत नाहीये, असं लग्नाच्या गोष्टीला आलेल्या माणसासारखं त्यांचं तोंड झालं होतं. मला त्यात फक्त एकच गोष्ट दिसली. कीव.

"शाहूपुरीत तुम्ही होतात," मी म्हणाले. "तेव्हापासून सगळं ठरवलंत ना? पट्टी उतरवायची, अंतरा कापायचा, बाईंना बसायला खुर्ची, प्यायला कोमट पाणी. जिन्यावरसुद्धा माणूस उभा केलात."

"अहो बाई, तसं नाही. ऐका—"

"माझा आवाज गेला असं वाटत असेल तर तोंडावर सांगायचं होतं, केसकर. इतक्या वर्षांत तेवढा हक्क होता तुमचा. पाठीमागून पट्टी उतरवायचा नव्हता."

रफिक मधे पडला. केसकरांना तो बापू म्हणायचा. "बाई, बापूंचं आईकून तर घ्या. ते—"

"रफिक, तू गप," केसकर म्हणाले.

आणि मग मी ते बोलले. माइक चालू होता, मी अगदी शांतपणे बोलले, आरडाओरडा केला नाही. "ज्याला स्वतःला धड एक ओळ गाता येत नाही, त्यानं दुसऱ्याच्या गळ्याचं माप काढू नये."

कानातल्या वाट्यांमधून मला माझाच आवाज ऐकू आला. केसकर मागं सरकले. चष्मा काढून त्यांनी मांडीवर ठेवला. मला वाटलं आता रागावतील, आणि खरं सांगायचं तर ते रागावावेत असंच मला वाटत होतं. भांडण झालं असतं तर सगळं बाहेर पडलं असतं.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. मग रफिककडं वळले. "काळी पाचवर नवीन ट्रॅक कर. वादकांना निरोप धाड. संध्याकाळच्या आत बाईंना मोकळं करू."

"बापू, आवं पण ते आदुगरचं..."

"नवीन कर म्हटलं ना."

वादक गोळा होईपर्यंत केसकर जिन्यात जाऊन बसले. गुडघ्यावर कागद घेऊन काहीतरी खरडत होते. मी आत काचेकडं पाठ करून उभी राहिले, त्या खुर्चीला मी शिवलेही नाही. थोड्या वेळानं त्यांनी दुसरा अंतरा आणून दिला. शाई अजून ओली होती.

"हा घ्या. दोन्ही तुम्हीच गा."

धृपद होतं,

दार लोटले, कडी न लावली,
कोण यायचे राहिले अजून

आणि नव्या अंतऱ्यात त्यांनी लिहिलं होतं,

पाऊल वाजले, वारा निघाला,
वाट पाहुनी दिवा निमाला

ते गाणं मी काळी पाचवर गायले आणि असं गायले की तबलजीनं गाणं संपल्यावर हात जोडले. तारसप्तकातला गंधार मी मुद्दाम एक आवर्तन जास्त धरून ठेवला. केसकरांकडं बघत धरून ठेवला. ते मान डोलवत होते. "वा," म्हणाले. "याहून चांगलं होणार नाही." जाताना त्यांनी थर्मास काखेत मारला आणि ते जिना उतरून गेले.

कॅसेट निघाली. बाकीची गाणी विरून गेली, पण 'दार लोटले' राहिलं. लोक अजून मला त्याच गाण्यानं ओळखतात. पुढं कितीतरी वर्षं कार्यक्रमात शेवटी त्याची फर्माईश यायची, आणि ते गाताना दर वेळी मला आतून बरं वाटायचं, की पट्टी उतरवायला निघाले होते, पण मी उतरू दिली नाही. केसकर कुठं समारंभात भेटले की नमस्कार करायचे, तब्येत विचारायचे. पेटी घेऊन मात्र पुन्हा कधी घरी आले नाहीत. स्टुडिओ बंद झाला, तिथं गिरणीवाल्यानं पोती ठेवली. मी त्यांच्या बोलावण्याची वाट पाहिली नाही, असं मी स्वतःला सांगत असे.

दोन वर्षांपूर्वी केसकर गेले. झोपेत गेले. दिवस झाल्यावर मी त्यांच्या घरी भेटायला गेले. त्यांच्या पत्नी कुमुदवहिनी घरात होत्या, आणि कोपऱ्यात रफिक बसला होता. त्याचे केस पांढरे झालेत, वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे त्याचं आता. मी बसले. वहिनींनी चहा केला. कपाटावर तो थर्मास दिसला, निळा, बुडाशी पोचा आलेला.

"हा अजून आहे?" मी म्हटलं.

"हा होय," वहिनी म्हणाल्या. "टाकू देत नव्हते. तुमच्याबरोबर गायचं ठरलं तेव्हा आणलेला. महिनाभर दही सोडलं होतं यांनी, लोणचं सोडलं होतं. सकाळी उठून ज्येष्ठमधाचं पाणी. मी म्हणायचे, या वयात कुणाच्या लग्नात गायचंय? तर म्हणायचे, तू बघच."

मी कप खाली ठेवला. "कुणाबरोबर गायचं ठरलं?"

वहिनी माझ्याकडं बघत राहिल्या. "तुमच्याबरोबर. ते दाराचं गाणं. दोघांचं होतं ना ते? मग ऐन वेळी घसा बसला म्हणाले, आणि तुम्ही एकट्यांनी गायलात."

रफिक खाली बघत होता. मी त्याच्याकडं वळले. "रफिक?"

"बापूंनी शपथ घातलेली, बाई. ते हायेत तवर बोलायचं न्हाई म्हणून." "दुसरा अंतरा त्यांचा होता. काळी पाचवर त्यांचा गळा पोचत नव्हता, लई झटले ते. काळी चारवर जेमतेम लागायचा. तुमचा अंतरा झाला की आत येऊन तुमच्या शेजारी गाणार हुते. तुमाला आदी सांगितलं तर तुमी हसाल, म्हणून सांगत नव्हते."

"खुर्ची..."

"त्यांचीच. हुबं ऱ्हाऊन गाताना पाय लटलट कापायचे त्यांचे."

मला रडू आलं नाही. आधी राग आला. केसकरांचा राग आला. 'बाई, मला गायचंय' एवढी तीन शब्दांची गोष्ट, ती बोलायला या माणसाला काय झालं होतं? मी काय खाल्लं असतं का त्यांना? हसले असते, पोटभर हसले असते, आणि मग त्यांच्या शेजारी उभी राहून काळी चारवर काय, जमिनीला कान लावून गायले असते. हे मी मोठ्यानंच बोलत होते. वहिनींनी माझा हात धरला.

रफिकनं खिशातून मोबाईल काढला. "आदल्या सोमवारी अंदाज घ्यायला त्यांचा अंतरा टेपवर घेतलेला. ती टेप मी पुसली न्हाई. पोरानं ह्याच्यात घालून दिलीय."

त्यानं लावलं. तीच बासरी, एक सूर खाली. धृपद गेलं, माझा अंतरा गेला, दोन्ही ठिकाणी नुसती वाद्यं, माझ्यासाठी मोकळी सोडलेली. आणि मग केसकर गायला लागले. हाताचा रेटा ऐकू येत होता, मान वाकडी झालेली ऐकू येत होती. पण आवाज वाईट नव्हता. त्या पट्टीत तो जाडेपणा गाण्याला शोभत होता, आणि मी एवढ्या वर्षांत कधी नीट ऐकलाच नव्हता.

आलो होतो पायरीवरी,
दिवा पाहुनी परतलो घरी

माझ्या गाण्यात कुणी येत नाही, वारा येतो आणि दिवा विझतो. त्याच गाण्यावर लोकांनी मला डोक्यावर घेतलं होतं. त्यांच्या गाण्यात तो आला होता.

"पुन्हा लाव," मी म्हणाले. आणि या वेळी बासरी झाल्यावर मी गायला सुरुवात केली. दार लोटले, कडी न लावली. दुसऱ्या ओळीला वर जायचं होतं तिथं माझा आवाज अडला. खाकरून पुन्हा धरला, पुन्हा अडला. मी आता ऐंशीच्या घरात आहे. काळी चार मला उंच होते.

रफिक हळूच म्हणाला, "बाई, हे आता उतरवता येतंय. बटण दाबलं की झालं. काळी दोनवर आणू?"

"आणि त्यांचा आवाज?"

"त्योबी उतरंल की संगं. जरा वेगळाच लागंल, एवढंच."

"मग नको," मी म्हणाले. "पट्टी गाणाऱ्याची असते. लाव आहे तसंच."

त्यानं पहिल्यापासून लावलं. वहिनी कप न उचलता तशाच बसून राहिल्या. माझ्या ओळींची जागा आली. मी तोंड उघडलं नाही. नुसती बासरी वाजली, संपली, आणि पुढं केसकर गायला लागले.